प्रमाणित भाषांतर

शब्दाला अकरा पेन्स.
आकडे, तारखा, तिथी यांचे पैसे नाहीत.
वकिलीणबाईंनी डर्बीहून पाकीट पाठवलं:
भिंतीवरच्या दिनदर्शिकेची बारा पानं,
प्रत्येकाच्या डोक्यात खिळ्याचं भोक,
फेब्रुवारीवर हळदीचा अंगठा.

शालन वाघचौरे, वय त्रेपन्न.
इस्पितळाच्या चादरी धुणारी लॉन्ड्री,
सात वर्षं रात्रपाळी.
चौकोनात चतुर्थी, चतुर्थीखाली दूध दोन बाटल्या,
दुधाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
क्रेग टोचून बोलला.

मी शब्दाला शब्द ठेवला.
चार दिवसांत पलीकडच्या वकिलाचं पत्र:
कशाने टोचलं?
जखमेची नोंद आहे का?

मग मी सपाट करायला शिकले,
ती चादरी करायची तशा, वाफेखाली.
टोमणा मारला. तळटीप: ही मारहाण नव्हे.
पाणउतारा केला सगळ्यांदेखत. तळटीप: पाण्याचा संबंध नाही.
तीन मेला, तोंडाला पानं पुसली.
तिनेच मशीन शिकवलेला पोरगा
त्या दिवशी सुपरवायझर झाला होता.
माझ्या कागदावर एवढंच उरलं:
बढती नाकारण्यात आली.
कुणी नाकारली, ते वाक्यातून
मागच्या दाराने निघून गेलं.

आज पुन्हा सलून म्हणाला, सगळे खिदळले.
हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं.
शालनचं सलून.
सात वर्षांत तीन अक्षरं जमली नाहीत त्याला,
चादरींचे सोळा कोड मात्र पाठ.

लॉकरवर माकड काढलं. पुसलं. परत काढलं.
हे मात्र अर्ध्या मिनिटात झालं,
एकही तळटीप लागली नाही.
उठून चहा ठेवला.
तो तसाच राहिला ओट्यावर, साय धरून.

मीही नऊ वर्षं काढली आहेत
लेस्टरच्या एका कचेरीत, खिडकीपासून लांब.
तिथला माझा शब्द होता, चालायचंच.
त्याचं प्रमाणित भाषांतर
कुणी मागितलं नाही.

शेवटी राहिली टिंबं.
काही चौकोनांत अक्षर नाही,
नुसतं निळं टिंब, बॉलपेनचं,
इतकं दाबून दिलेलं
की पान उलटलं तर बोटाला लागतं.
मी लिहिलं: नोंद नाही.
खाली सही केली, खरं आणि पूर्ण.

पत्र परत आलं, या वेळी खुशीत असल्यासारखं:
तक्रारदार म्हणतात रोज छळ होत होता,
मग हे एकेचाळीस दिवस निर्वेध गेले, हे मान्य आहे ना?

अशिलाशी परस्पर बोलायचं नसतं.
वकिलीणबाईंनाच फोन जोडून द्यायला लावला.
शालनताई, टिंब म्हणजे काय हो?

पलीकडे ड्रायर फिरत होता, घरचा, छोटा.
त्या दिवशी कुणी बोललंच नाही माझ्याशी, ती म्हणाली.
आले, बसले, उठले, गेले.
मी गुड मॉर्निंग म्हणाले भिंतीला.
काय लिहिणार मग?
कुणी काही केलंच नव्हतं.

पान एकशे सत्त्याऐंशी, दुरुस्ती.
रात्री एक वाजेपर्यंत एकेचाळीस वेळा
तेच वाक्य लिहिलं, हाताने, वेगवेगळं,
कॉपी करणं जमेना.

गुरुवारी नॉटिंगहॅमला सुनावणी.
फोन ठेवता ठेवता तिने विचारलं,
दुधाचा हिशेबपण वाचतील का तिथले साहेब?
सगळंच वाचतील, ताई.
मग चौदा जूनचं तेवढं खोडा, ती म्हणाली.
दोन बाटल्या लिहिल्यात,
पण त्या दिवशी आली एकच.
उगीच खोटं नको जायला.